विचारा डेटाबेसवालीला : मुदत लिहायची कुठं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात लिहिलं होतं की ट्रिगरमध्ये (टेबलात नोंद पडली किंवा बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो त्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात) बाहेरच्या जगाची कामं कोंबू नका. आलेली पत्रं बघता ते वाक्य पुष्कळांना लागलेलं दिसतं. काहींनी ‘मग कोंबायची कुठं?’ असं विचारलंय, एकांनी तर ‘तुम्ही कधी कारखान्यात पाऊल टाकलंय का?’ असंही. टाकलंय. दूध, साखर, पाणीपुरवठा, नागरी बँक, सगळीकडचे डेटाबेस सांभाळून झालेत. त्यामुळे हा अंक याच विषयाला दिला : डेटाबेसनं कुणी न सांगता, स्वतःहून काही करायचं आहे आणि तेही ठरलेल्या वेळेच्या आत करायचं आहे, तर काय?

प्रश्न : आमच्या दूध संघाच्या संकलन केंद्रांवर बल्क कूलर आहेत. प्रत्येक कूलरचं तापमान दर मिनिटाला पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात येतं. ते ४ अंशांच्या वर गेलं की ट्रिगर लागतो आणि तिथूनच केंद्रचालकाला एसएमएस जातो. दुपारी, रात्री सुरळीत चालतं. पण सकाळ-संध्याकाळ संकलन सुरू झालं की सगळंच अडकतं, तापमानाच्या नोंदीसुद्धा उशिरा पडतात. मोठा सर्व्हर घ्यावा का?
— दूध संघातले एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नको.

सकाळी संकलनाला तुमच्याकडे काय होतं ते आधी बघू. धार काढून केंद्रावर आलेलं दूध कोमट असतं. ते कूलरमध्ये ओतलं की आतल्या गार दुधाचंही तापमान चढतं, चढणारच. म्हणजे तुमची ‘४ च्या वर’ ही अट सगळ्या केंद्रांवर एकाच सुमारास खरी होते. प्रत्येक नोंदीमागे ट्रिगर लागतो, तो एसएमएसच्या गेटवेला विनंती पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. तो बसला की नोंद करणारा व्यवहारही (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी कामं) बसला, कारण ट्रिगर त्याच व्यवहाराचा भाग असतो. तो संपल्याशिवाय कमिट, म्हणजे नोंद पक्की होणं, नाही. तोवर ते कनेक्शन अडकून राहतं. अशी कनेक्शनं भरत गेली की पुढच्या मिनिटाच्या नोंदींना आत यायलाच जागा नाही. या सगळ्या वेळात प्रोसेसर मात्र निवांत असतो, ‘टॉप’ ही कमांड लावून स्वतः बघा. दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणलात तर तो दुप्पट निवांत बसेल, एवढाच फरक.

शिवाय नोंद करणारा व्यवहार काही कारणानं रोलबॅक, म्हणजे रद्द, झाला तर नोंद पुसली जाते, पण एसएमएस काही परत येत नाही. टेबलात काही नाही आणि केंद्रचालक मात्र टॉर्च घेऊन कूलरपाशी उभा.

ही अडचण तुमच्या एकट्याची नाही आणि आजचीही नाही. १९८८ च्या सुमाराला उमेश्वर दयाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हायपॅक नावाचा प्रकल्प मांडला. सक्रिय (घटना घडली की स्वतःहून काही करणारे) डेटाबेस आणि वेळेच्या अटी यांची सांगड घालणं हाच त्याचा विषय होता. नियमाचे तीन भाग करायचे : घटना, अट आणि कृती. ही मांडणी आज सगळीकडे चालते, ती तिथून रुळली. पण मला त्यांचं खरं काम वाटतं ते त्यांनी पुढं विचारलेला प्रश्न. घटना घडली, ठीक. पण अट तपासायची कधी आणि कृती करायची कधी? लगेच, जिथल्या तिथं? व्यवहार संपता संपता, कमिटच्या आधी? की पूर्णपणे वेगळ्या व्यवहारात? तुम्ही तपासणं आणि कृती, दोन्ही ‘लगेच’मध्ये घातलंत. पोस्टग्रेस पहिला प्रकार आपसूक देतं, दुसऱ्यासाठी डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर आहे. तिसरा मात्र आपला आपण बांधावा लागतो, आणि तुम्हाला हवा आहे तो नेमका तिसरा.

बांधायचा असा. ‘निरोप’ नावाचं एक टेबल करा. रकाने : केंद्र, घटना कधी घडली, निरोप कधीपर्यंत पोचायला हवा, कधी पाठवला, पुढं काय झालं. ट्रिगरनं या टेबलात एक ओळ घालायची आणि मोकळं व्हायचं, बास. बाहेर एक छोटा प्रोग्रॅम सतत चालू ठेवायचा. त्यानं न पाठवलेल्या ओळी मुदतीच्या क्रमानं उचलायच्या आणि एसएमएस पाठवायचा. असे दोन-तीन प्रोग्रॅम एकदम चालवले तरी ते एकमेकांच्या ओळींवर अडत नाहीत, त्यासाठी ‘स्किप लॉक्ड’ वापरा, पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून ते आहे. ओळ आल्याचं त्या प्रोग्रॅमला कळवायला ‘नोटिफाय’ आहे. पण नोटिफायवर विसंबू नका. ते कमिट झाल्यावरच पोचतं, हे चांगलंच. पण त्या क्षणी ऐकणारं कुणी नसेल तर हवेत विरून जातं. खरी ती टेबलातली ओळ. म्हणून प्रोग्रॅमनं अधूनमधून आपणहूनही टेबल बघायचं.

आता ‘कधीपर्यंत पोचायला हवा’ हा रकाना. पुष्कळ ठिकाणी बाकीचं सगळं केलेलं असतं आणि हाच नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘लगेचच पाठवायचंय ना, मग मुदत कशाला?’ लगेच म्हणजे किती? अर्धा मिनिट, पाच मिनिटं? दोन तास गेटवे बंद पडून पुन्हा सुरू झाला तर साचलेले सगळे निरोप आता पाठवायचे का? दोन तासांपूर्वीच्या तापमानाचा एसएमएस वाचून केंद्रचालकानं करायचं काय? मुदत टळली असेल तर तो एसएमएस पाठवूच नये. दुसरं काहीतरी करावं, म्हणजे प्लांटवरच्या रात्रपाळीच्या माणसाला थेट फोन. हे ठरवणं माझं काम नाही आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचंही नाही. दूध किती वेळात नासायला लागतं हे ज्याला कळतं, त्याच्याकडून तो आकडा लिहून घ्या.

आणि ओघानं मुळाशीच येऊ : तुमचा नियमच चुकलाय. ओतताना तापमान ४ च्या वर जाणं हा बिघाड नव्हे. ओतल्यानंतर ठरल्या वेळात ते खाली न येणं हा बिघाड. तो वेळ कूलरच्या कागदपत्रांत मिळेल. हे नुसत्या ट्रिगरला जमत नाही, कारण ट्रिगर लागतो तो टेबलात काही बदललं तर. इथं तर काहीच न बदलता वेळ टळून जाते. मग असं करा : संकलन सुरू झाल्याची नोंद पडली की ‘या वेळेपर्यंत ४ पर्यंत खाली यायला हवं’ अशी एक ओळ उघडायची. ४ किंवा कमी तापमानाची नोंद आली की ट्रिगरनं ती ओळ मिटवायची. आणि दर मिनिटाला पीजी-क्रॉननं, किंवा साध्या क्रॉननं (दोन्ही ठरल्या वेळी काम आपोआप चालवतात), मुदत टळूनही उघड्या राहिलेल्या ओळी शोधायच्या. सकाळचे निरर्थक एसएमएस एकदम थांबतील आणि कॉम्प्रेसर खरंच बंद पडला असेल तेवढ्याच केंद्रावर फोन वाजेल.

एक बारीक गोष्ट, पण ती भल्याभल्यांना चकवते. पोस्टग्रेसमधलं ‘नाऊ’ हे व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नव्हे. व्यवहार लांबला तर ते मागेच अडकून राहतं. मुदत मोजताना ‘क्लॉक टाइमस्टँप’ वापरा. आणि सेन्सरनं मोजल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने ठेवा. केंद्रावरचं नेट जातं, तासाभरानं येतं आणि साठ नोंदी एकदम ओतल्या जातात. एकच वेळ ठेवलीत तर त्या साठही तुम्हाला ताज्या वाटतील.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘रिअल-टाइम डेटाबेस म्हणजे खूप वेगवान डेटाबेस’ असं आमच्या नोट्समध्ये आहे. बरोबर का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही. नोट्स कुणाच्या आहेत ते विचारत नाही.

साध्या डेटाबेसमध्ये उत्तर बरोबर असलं की झालं. रिअल-टाइममध्ये ते मुदतीत आलं तरच बरोबर. मुदत एक मिलिसेकंदाची असेल किंवा एक दिवसाची, वेगाचा संबंध नाही; ती पाळली जाईल याची खात्री आधी देता येते का, हा मुद्दा. सरासरी वेग उत्तम आणि हजारात एखाद्या वेळी भलताच उशीर, असा डेटाबेस इथं बाद.

मुदतीचे तीन प्रकार परीक्षेत हमखास विचारतात. हार्ड : चुकली तर हानी, उदाहरणार्थ गाडीतली एअरबॅग. फर्म : चुकली तर हानी नाही, पण मग उत्तराला काही किंमत नाही, काम तिथंच सोडून द्यायचं. सॉफ्ट : उशीर होईल तशी किंमत घटत जाते. डिस्क, लॉक (एकानं धरलेल्या नोंदीला दुसऱ्यानं हात लावू नये म्हणून लावलेलं कुलूप), बफर यांचा वेळ आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून सर्वसाधारण डेटाबेस हार्ड मुदतीच्या वाटेला जात नाहीत. डेटाबेसवाल्यांचं बरंचसं संशोधन फर्मवर आहे.

कुठलं काम आधी घ्यायचं, याची सुरुवात ल्यू आणि लेलँड यांच्या १९७३ च्या लेखापासून करा. एका प्रोसेसरवर ज्याची मुदत सगळ्यात जवळ त्याला आधी घेतलं, तर प्रोसेसर शंभर टक्के भरेपर्यंत आवर्ती (ठरावीक काळानं पुन्हा येणाऱ्या) कामांच्या मुदती पाळता येतात. अग्रक्रम कायमचे ठरवून टाकले तर कामं वाढतील तशी हमी जवळजवळ ६९ टक्क्यांपर्यंत उतरते. पण एक गोष्ट पाठ न करता समजून घ्या : भार शंभराच्या पुढं गेला की ‘जवळची मुदत आधी’ ही युक्ती उलटते. जे काम आता होणारच नाही त्याचीच मुदत सगळ्यात जवळ असते. सगळा वेळ त्याच्यावर जातो, आणि ते तर बुडतंच, मागची होऊ शकणारी कामंही बुडतात.

दोन नावं आपल्या जवळची आहेत. जयंत हरित्सा, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. १९९० च्या आसपास त्यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना केरी आणि लिव्हनी यांच्याबरोबर दाखवलं की फर्म मुदतींसाठी लॉक लावत बसण्यापेक्षा ‘आधी करू, शेवटी तपासू’ ही आशावादी पद्धत बरेचदा सरस ठरते. कारण गमतीदार आहे. लॉकच्या पद्धतीत एखादा व्यवहार दुसऱ्याला थांबवतो किंवा मारतो, आणि मग स्वतःच मुदत चुकवून बाद होतो. दुसऱ्याचं नुकसान फुकट. आशावादी पद्धतीत जो शेवटापर्यंत पोचलाय तोच इतरांना हटवतो.

दुसरे कृती रामामृतम्. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला होते, मग पवईला आयआयटी मुंबईत आले. १९९३ चा त्यांचा रिअल-टाइम डेटाबेसवरचा लेख मिळवून वाचा. त्यात माहितीलाच आयुष्य असतं हे नीट मांडलंय. बॉयलरचं तापमान अमुक सेकंदांपर्यंतच खरं, त्यानंतर ते शिळं. आणि पुढची, जास्त महत्त्वाची पायरी : तापमान आणि दाब दोन्ही आपापल्या परीनं ताजे असले, तरी एकमेकांपासून फार वेगवेगळ्या वेळी मोजलेले असतील तर त्यांची जोडी लावून काढलेला निष्कर्ष खोटा. तुमच्या नोट्समध्ये हे नसणार, म्हणून इथं लिहिलं.

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या काट्यावर असतो. वजन एसक्यूएल सर्व्हरमध्ये पडतं. संध्याकाळी ऑफिसातून शेतकरीनिहाय टनेजचा रिपोर्ट काढला की माझा स्क्रीन गोठतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यावर जाते आणि शिव्या मला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.
— काट्यावरचा एक लिपिक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नेटवर्क संध्याकाळी रिपोर्टच्याच वेळी कसं बिघडतं, हे त्याला विचारा. बहुतेक लॉकचं काम आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणाराही लॉक घेत पुढं सरकतो. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं आयसोलेशन (इतरांच्या बदलांपासून वाचणाऱ्याला किती अलग ठेवायचं ती पातळी) वाढवून ठेवलं असेल तर ते लॉक शेवटपर्यंत सुटत नाहीत, आणि हजारो लॉक जमले की सर्व्हर ते सगळे सोडून अख्ख्या टेबलालाच एक लॉक लावतो. तुमची ट्रॉली त्या लॉकमागे उभी. पुढच्या वेळी स्क्रीन गोठला की कुणालातरी ‘एसपी हू टू’ चालवायला सांगा. ‘ब्लॉक्ड बाय’ या रकान्यात कुणाचा नंबर येतो ते दिसेल, त्याचा फोटो काढून ठेवा. वादाला जागा उरणार नाही.

महत्त्वाचं काम बिनमहत्त्वाच्या कामामागे अडकणं, हा प्रकार मंगळावरही होऊन गेलाय. नासाचं पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक वारंवार रिसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या हलक्या अग्रक्रमाच्या कामानं एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेला. त्याच म्युटेक्सची वाट बघत डेटा बस सांभाळणारं अत्यंत महत्त्वाचं काम उभं. आणि मधल्या अग्रक्रमाचं संदेशवहनाचं काम हवामानवाल्याला पुढंच सरकू देईना. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे वॉचडॉगला, म्हणजे राखणदार यंत्रणेला, दिसलं की तो सगळंच रिसेट करायचा. उपाय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होता, फक्त तिथं बंद ठेवलेला : वाट बघणाऱ्याचा अग्रक्रम धरणाऱ्याला तात्पुरता द्यायचा. पृथ्वीवरून तो चालू केला आणि रिसेट थांबले.

तुमच्याकडे हा उपाय पुरणार नाही. रिपोर्टला तुमचा अग्रक्रम दिला तरी तो लांबलचकच राहणार. अ‍ॅबट आणि गार्सिया-मोलिना यांनी १९८८ मध्ये रिअल-टाइम व्यवहारांसाठी तपासलेला एक मार्ग असा की महत्त्वाचा आला की हलक्याला सरळ मारायचं, त्यानं नंतर पुन्हा सुरू करावं. तुमच्या सर्व्हरला मुदत कळत नाही, त्यामुळे ते आपोआप होणार नाही. पण त्याहून सोपं आहे : ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू करून घ्या, आणि रिपोर्टचं आयसोलेशन वाढवलेलं असेल तर ते मूळ पातळीवर आणा. मग रिपोर्ट जुनी प्रत वाचतो, लिहिणाऱ्याला अडवत नाही. जुन्या प्रती टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये) साठतात, तेवढी त्या डिस्कवर जागा बघून ठेवा. हे बदलताना बाकीची कनेक्शनं तोडावी लागतात, आणि गाळप तर चोवीस तास चालतं. म्हणून गव्हाण कधी साफसफाईसाठी थांबते ती वेळ धरा.

रिपोर्ट तासाभरानं आला तर साहेब कुरकुरतील. ट्रॉली तासभर उभी राहिली तर ऊस वाळतो आणि वजन घटतं ते शेतकऱ्याचं. कुणाची मुदत आधी, हे कारखान्यानं कागदावर लिहून द्यायला हवं. ते लिपिकाच्या गळ्यात का?

प्रश्न : एका ट्रिगरनं दुसरं टेबल बदललं, तिथल्या ट्रिगरनं पुन्हा पहिलं. असं फिरत राहिलं तर थांबतं का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : थांबवलं जातं. एसक्यूएल सर्व्हर ३२ पातळ्यांनंतर सगळा व्यवहार रद्द करतो. पोस्टग्रेसमध्ये आपण किती खोल आहोत हे ‘पीजी ट्रिगर डेप्थ’ सांगतं, त्यावर अट घालता येते. नियमांचा संच कुठंतरी थांबेलच का, हे सर्वसाधारणपणे आधी सिद्ध करता येत नाही. एकेन, विडम आणि हेलरस्टीन यांनी १९९२ मध्ये यावर चांगलं काम केलंय. कागदावर बाण काढा : हा नियम त्याला जागवतो, तो याला. वर्तुळ दिसलं की तोडा. आणि साखळीत चार ट्रिगर असतील तर मुदत पाळण्याची हमी कुणाला देऊ नका, कारण वेळ कुठं गेला ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : वीज खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना कळव्याच्या भार प्रेषण केंद्राशी रोजचा फोन असायचा. २००३ साली अमेरिकेत मोठा अंधार झाला तो संगणकाच्या चुकीनं, असं तेव्हा ऐकलं होतं. नक्की काय झालं? आपल्याकडे २०१२ ला झालं तेही तसंच का?
— एक निवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर : या विषयावर मला सगळ्यात आवडणारा दस्तऐवज म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त पथकाचा त्या अंधाराबद्दलचा अहवाल, एप्रिल २००४ चा.

१४ ऑगस्ट २००३. ओहायो राज्यात अ‍ॅक्रनला फर्स्टएनर्जी कंपनीची कंट्रोल रूम. दुपारी २ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास तिथली अलार्म यंत्रणा बंद पडली. बंद पडली म्हणजे लाल दिवा लागला, भोंगा वाजला, असं काही नाही. नवे अलार्म येणं थांबलं, इतकंच. ऑपरेटरच्या दृष्टीनं अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक. ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली ३४५ केव्हीची लाइन झाडाला लागून गेली. ३:३२ ला दुसरी, ३:४१ ला तिसरी. कंट्रोल रूममध्ये एकाचाही अलार्म वाजला नाही. इतर कंपन्यांतून फोन येत होते, ऑपरेटर स्क्रीनकडे बघून म्हणत होते की आमच्याकडे तर काही दिसत नाही. ४:१० च्या सुमारास सगळं कोसळलं. सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

मधल्या वेळात काय चाललेलं ते बघा. अडकलेली अलार्म प्रक्रिया नव्या घटना उचलत नव्हती, त्या मागे साचत होत्या. साचून साचून मुख्य सर्व्हर पडला. सगळं काम राखीव सर्व्हरकडे गेलं, बरोबर ती अडकलेली प्रक्रिया आणि तुंबलेली रांगही गेली. थोड्या वेळानं तोही पडला. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजे होणारे स्क्रीन ५९ सेकंदांपर्यंत रेंगाळायला लागले. संगणक विभागाला सर्व्हर पडल्याचं कळलं होतं, त्यांनी तो पुन्हा सुरूही केला. पण अलार्म खरंच यायला लागलेत का, हे कंट्रोल रूमला विचारलं नाही. पुढं कित्येक आठवडे शोधल्यावर सापडलं : दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहायला गेल्या, त्यातून माहिती बिघडली आणि अलार्मची प्रक्रिया न संपणाऱ्या चक्रात अडकली.

पण अंधार ‘संगणकाच्या चुकीनं’ झाला असं मी म्हणणार नाही. तारांखालची झाडं वेळेवर छाटलेली नव्हती. संगणकानं फक्त ते कळण्याची वेळ खाल्ली.

मला त्यातून दिसतं ते हे : न घडणं हीसुद्धा घटना धरायला हवी. सक्रिय डेटाबेसच्या संशोधकांनी हे आधीच हेरलं होतं. शर्मा चक्रवर्तींच्या स्नूप नावाच्या घटनाभाषेत, ती १९९४ ची, ‘अमुक आणि तमुकच्या दरम्यान ही गोष्ट घडली नाही’ अशी घटना लिहिता येते आणि ठरावीक काळानं आपणहून घडणारी घटनाही. दर मिनिटाला एक खोटा अलार्म मुद्दाम टाकायचा, तो दुसऱ्या टोकाला पोचला नाही तर तिथल्या वेगळ्या यंत्रणेनं बोंब मारायची. एवढं असतं तर २:१५ लाच कळलं असतं. सांगलीच्या वाचकांनी हेही वाचावं. कूलरकडून तापमान आलंच नाही, तर तुमचा ट्रिगर काय करतो?

३० आणि ३१ जुलै २०१२ चं आपल्याकडचं प्रकरण वेगळं. लाइनींवर भार बेसुमार झाला होता, राज्यं वाट्याहून जास्त वीज ओढत होती. अलार्मचं सॉफ्टवेअर मरून कुणी अंधारात राहिलं, अशी ती गोष्ट नव्हे. आणि तुम्ही वीज खात्यातले, तुम्हाला माहीत आहेच : खरी हार्ड मुदत ग्रिडमध्ये डेटाबेसवर सोपवलेलीच नसते. वारंवारता ५० हर्ट्झवरून फार घसरली की जागेवरचे रिले (आपोआप चालणारी संरक्षक उपकरणं) सेकंदाच्या अंशात फीडर, म्हणजे वस्त्यांकडे जाणाऱ्या लाइनी, तोडतात, कुठल्याही सर्व्हरला न विचारता. डेटाबेस असतो तो माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. ती वाटणी करणाऱ्यांना माझा नमस्कार.

प्रश्न : एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र ५,००० गेले. बँकेत गेले तर म्हणाले, ‘तक्रार अर्ज द्या, बघू.’ एवढे संगणक आहेत, त्यांना आपोआप कळत नाही का? की मी अर्ज केल्याशिवाय कळणारच नाही?
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : कळायला हवं, आणि अर्जाशिवाय कळायला हवं. तसा नियमच आहे.

रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढलं. खात्यातून रक्कम गेली आणि एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तर बँकेनं स्वतःहून रक्कम परत करायची, व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकानं मागण्याची वाट न बघता. यूपीआयनं कुणाला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर हीच मुदत १ दिवसाची आहे. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ५ दिवसांची.

मी या अंकात घटना, अट, कृती आणि मुदत असं जे लिहीत आले, ते सगळं या एका परिपत्रकात आहे, वर मुदत चुकली तर काय करायचं तेही. नियम लिहावा तर असा. बँकेचा संगणक लगेच का सांगत नाही, त्यालाही कारण आहे. ‘नोटा बाहेर आल्या नाहीत’ हे एका जागी कळत नाही. खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद तुमच्या बँकेत, मशीननं काय केलं याची नोंद त्याच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलमध्ये, मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तर तीही तिकडे, आणि पेटीत नोटा जास्त निघाल्या का हे मोजल्यावर. या सगळ्यांचा मेळ घातला की मग घटना ‘घडते’. ५ दिवस त्या मेळासाठी आहेत, अर्ज टेबलावर ठेवण्यासाठी नाहीत.

तुम्ही करायचं इतकंच. व्यवहाराची तारीख, वेळ, एटीएमचा नंबर आणि एसएमएस जपून ठेवा. तारीख कॅलेंडरची धरतात, कामाचे दिवस मोजत नाहीत. बँकेत कुणी ‘मधे रविवार होता’ म्हणालं तर ऐकू नका. अर्ज द्याच, पण लेखी, आणि पोच घ्या. पाच दिवस उलटले असतील तर अर्जात १०० रुपये रोजाप्रमाणे भरपाईचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.